वेसकर कुठे झोपायचा

पार्सिपनी, ९ सप्टेंबर २०२५

हिमानी,

आधी 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' असं सगळं रीतसर लिहिलं होतं, मग तो कागद टाकून दिला. दोन वर्षं आईशी न बोलणाऱ्या मुलीला आशीर्वाद काय पोस्टाने पाठवायचे? लागतील तेव्हा माग. भरपूर साठले आहेत.

तुझा मेसेज आला तेव्हा मी इंडियन ग्रोसरीच्या रांगेत उभी होते, हातात कढीपत्ता. 'ड्यू इन डिसेंबर. व्हॉट डझ वेसकर मीन? हू चेंज्ड इट?' आपण आजी होणार हे बायकांना कसं कळत असेल कोण जाणे, मला असं कळलं. मागच्या माणसाने 'आंटी, आगे बढ़िए' म्हटलं तेव्हा मी पुढे सरकले.

उत्तर फोनवर देत नाही, कारण तू मधेच फोन ठेवशील. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस वाचतोच. मराठीत लिहिते आहे. रविवारच्या मराठी शाळेत रडत रडत बाराखडी शिकलीस, त्या रडण्याचं आता चीज होऊ दे. अक्षर मोठं काढलं आहे.

तर ऐक. वेस म्हणजे गावात शिरायचा मोठा दरवाजा. वेसकर म्हणजे त्या दरवाज्याचा राखणदार. तुझे पणजोबा लहानू, म्हणजे बाबांचे आजोबा, वऱ्हाडात निंबगावच्या वेशीवर होते. आला-गेला त्यांना विचारून आत यायचा. गाव त्यांच्या भरवशावर निर्धास्त असायचं. मोठं जबाबदारीचं, मानाचं काम होतं. तुझ्या बाळाला सांगण्यासारखं आहे.

आडनाव बाबांनी बदललं. १९८३ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना. नाव बदलायचं आहे का, असं तेव्हा विचारतातच. वेसकरचं निंबगावकर केलं, इथल्या लोकांना म्हणायला सोपं जावं म्हणून.

तब्येत सांभाळ. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण म्हणजे जपायला हवं. निमिषला म्हणावं, बर्फ पडला की गाडी तोच चालवेल.

तुझी आई


पार्सिपनी, २२ सप्टेंबर २०२५

हिमानी,

माझं पत्र मलाच परत आलं. दारातच फोडलं आणि आत तुझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. शाळेत असताना मी तुझे निबंध तपासायचे, त्याची परतफेड झाली म्हणायची.

'मानाचं काम' याच्या खाली रेघ आणि बाजूला तुझ्या त्या वाकड्या देवनागरीत: 'तो झोपायचा कुठे?' आणि 'सोपं जावं म्हणून' याच्या बाजूला इंग्रजीत: 'रिअली, आई?'

दुसऱ्याला आधी उत्तर देते. वेसकर हे नाव इथे दोनदा सांगितलं की लोकांना यायचं. निंबगावकर तुझ्या बाबांच्या बॉसला बावीस वर्षांत एकदाही धड म्हणता आलं नाही. इतकी पोचट थाप मी तुला मारायला नको होती. माझी सवयच तशी झाली आहे. बाबा गेले तेव्हा उल्हासकाकाने नागपूरहून फोन केला, 'आपल्या विहारात दादाची शोकसभा ठेवली आहे.' तू विचारलंस, 'बुद्धविहारात का? बाबा तर इथे गणपतीची आरती म्हणायचे.' मी म्हटलं, 'तिथला हॉल मोठा आहे.' तू तेव्हा काही बोलली नाहीस. दोन वर्षांनी एकटी नागपूरला गेलीस, काकाकडे राहिलीस, सगळं ऐकून आलीस आणि मग बोललीस. त्यानंतर बोलायचंच थांबलीस.

आता तुझा पहिला प्रश्न. तू काकाकडून ऐकलं आहेस, तरी माझ्या तोंडून हवं आहे. बरोबर आहे तुझं.

लहानू वेशीच्या बाहेर झोपायचा. महारवाडा गावकुसाबाहेर होता. दिवे लागले की वेस बंद व्हायची, आणि जो तिची राखण करायचा तो, त्याची बायको आणि मुलं बाहेरच्या बाजूला असायची. गावाचं चोरापासून रक्षण करायचा, पण त्याचं रक्षण करायला मधे भिंत नव्हती. कोणी मेलं तर दुसऱ्या गावी निरोप घेऊन तोच धावायचा. सरकारी माणूस आला की त्याचं सामान उचलायचा. या सगळ्याबद्दल रोज संध्याकाळी घोंगडी पसरून दारोदार उभं राहायचं आणि वरून टाकलेली भाकरी घ्यायची. वरून, म्हणजे हात लागू नये म्हणून. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. त्यात ए दिसतो, बी दिसतो, ओ दिसतो. ज्याच्यासाठी भाकरी वरून टाकायची ते काही मला कधी दिसलं नाही.

आडनाव मात्र लहानूला नव्हतंच. लागत नव्हतं. त्याने हट्टाने मुलाला, तुझ्या आजोबांना, शाळेत घातलं. मास्तरांनी विचारलं, 'नाव?' 'दौलत.' 'आडनाव?' पोरगा गप्प. 'बाप काय करतो?' 'वेसकर आहे.' मास्तरांनी रजिस्टरात लिहिलं, दौलत लहानू वेसकर. झालं आपलं घराणं सुरू. यात लढाई नाही, सनद नाही, एका मास्तरांचा टाक आहे.

हे मी तुला लहानपणीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तुझी आई


पार्सिपनी, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

हिमानी,

तुझा मेसेज मिळाला. 'थँक यू. नाऊ टेल मी हू रिअली चेंज्ड इट. काका सेज बाबा वुड नेव्हर.'

काका बरोबर सांगतो. मी बदललं.

सकाळपासून टाळते आहे. आधी कपडे धुतले, मग घडी केलेल्या टॉवेलांच्या पुन्हा घड्या केल्या. आता लिहिते.

आम्ही तेव्हा ओहायोत होतो, कोलंबसजवळ डब्लिनला. दहा-बारा मराठी घरं होती. १९८१ च्या गणपतीला एका डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये सगळे जमलो, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. मी वडाभात नेला होता, आमच्या नागपूरकडचा, वरून हिंगाची फोडणी घालून. आरतीच्या आधी डॉक्टरांच्या बायकोने, अहिल्यावहिनींनी, गोड आवाजात विचारलं, 'वेसकर म्हणजे तुम्ही मूळचे कोण?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला येत नव्हतं. बाबांना येत होतं. त्यांनी शांतपणे, जसं आहे तसं सांगितलं. वहिनी 'हो का, अरे वा' म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

कोणी वाईट बोललं नाही. वाढणं झालं, गप्पा झाल्या, पण माझ्या भांड्याचं झाकण कोणी उघडलं नाही. मी तिथेच उभी होते. एक जण चमचा घेऊन आला, दुसऱ्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो कोशिंबिरीकडे वळला. भांडं जसं नेलं तसं भरलेलं घरी आणलं. मग चार दिवस आम्ही दोघं वडाभात खात होतो. बाबा प्रत्येक घासाला म्हणायचे, 'छान झाला आहे. त्यांचंच नुकसान.' मी चौथ्या दिवशी उरलेला भात सिंकमध्ये टाकला आणि म्हटलं, हे नाव मला नको.

दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले. ते म्हणायचे, 'माझ्या बापाला गावाने किती सांगितलं, पोरं शिकली, आता चांगलं नाव घ्या. बाप म्हणाला, काम गावाने दिलं होतं, ते गावाला परत केलं. नाव मास्तरांनी दिलं, त्या नावावर मी शिकलो, ते परत करणार नाही.' मी म्हटलं, तुमच्या वडिलांना दर महिन्याला चारचौघांत भांडं मांडावं लागत नव्हतं. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते म्हणाले, 'मूठ कायमची झाकली तर जेवायचं कुठल्या हाताने, वसुधा?'

शेवटी कोर्टात शपथेच्या दिवशी त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, 'तुझं भांडं रिकामं घरी येऊ दे.'

आणि आलं, हिमानी. पुढच्या वर्षी आम्ही इथे न्यू जर्सीला आलो, जिथे कोणी ओळखत नव्हतं. निंबगावकरांचा वडाभात सगळ्यात आधी संपायचा. रिकामं भांडं गाडीत ठेवताना मला जिंकल्यासारखं वाटायचं. बाबासाहेबांचा फोटो कपाटात, कोटांच्या मागे होता. पाहुणे गेले की बाबा कपाट थोडं उघडं ठेवायचे. ते तुला ऊबदार हवा कपड्यांना लागावी म्हणून वाटायचं, कारण मी तसं सांगितलं होतं.

आज दसरा. आज इथे सगळे आपट्याची पानं म्हणून कुठल्याही झाडाची पानं वाटतील. मी चार वर्षांची असताना एका दसऱ्याला नागपुरात वडिलांच्या खांद्यावर बसून सगळीकडे पांढरे कपडे पाहिले होते. लाखो माणसं त्या दिवशी ताठ उभी राहिली, त्यात माझे वडील होते. त्यांच्या मुलीने मात्र बेसमेंटमधल्या वीस माणसांपुढे मान खाली घातली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी तू बोलणं सोडलंस. २००२ ची पिकनिक. तू सोळा वर्षांची होतीस. कोणाच्या तरी भाच्याला पुण्यात मेडिकलला सीट मिळाली नव्हती, त्याच्यावर चर्चा चालली होती, आणि तू म्हणालीस, 'ही शुड हॅव बीन बॉर्न अ कोटा किड.' सगळे हसले. ते वाक्य तुझं नव्हतं, त्याच टेबलावरून उचललेलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

बाबा उठून ग्रिल घासायला गेले. ग्रिल स्वच्छ होतं.

'तू मला माझ्याच माणसांवर हसू दिलंस,' असं तू म्हणालीस. ते खरं आहे. त्यांनी सही केली, पण हात माझा होता. मेलेल्या माणसावर ढकलून मी मोकळी होत होते, कारण ते उलट बोलणार नव्हते. मला माफ कर असं लिहायला हे पत्र नाही. तू विचारलंस हू चेंज्ड इट, त्याचं उत्तर आहे.

आई


पार्सिपनी, २६ ऑक्टोबर २०२५

हिमानी,

तुझं काही आलं नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

काल मंडळाची दिवाळी होती. हल्ली पोरांना दाण्याची ॲलर्जी फार, म्हणून मंडळाने नियम केला आहे: प्रत्येक पदार्थापुढे कार्ड ठेवायचं, पदार्थ काय, त्यात काय काय आहे, आणि कोणी केला. दारातच कार्डं आणि मार्कर ठेवले होते. मी वडाभात केला होता. कार्डावर लिहिलं, 'वडाभात. शेंगदाणे नाहीत.' मग खालच्या ओळीवर मार्कर थांबला. मागून राधिका, मंडळाची सेक्रेटरी, म्हणाली, 'काकू, लवकर करा ना, लाइन थांबली आहे.'

मी लिहिलं, 'वसुधा वेसकर.' मोठ्या अक्षरात. तुझ्यासाठी सराव झालाच आहे.

राधिकाने वाचलं. 'हे कोण, काकू? तुमच्या गेस्ट आहेत का?' मी म्हटलं, 'मीच आहे. हे आमचं मूळ नाव.' तिला काही कळलं नाही, ती 'ओह, नाइस' म्हणून पुढे गेली. सत्तरीच्या टेबलाला कळलं. चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर हळदीकुंकू केलं, त्यांतल्या दोघी कार्ड वाचून एकमेकींकडे पाहून माझ्याकडे पाहिनाशा झाल्या. एकीने विचारलं, 'वसुधा, म्हणजे तुम्ही मूळच्या...?' चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, तोच गोड आवाज. या वेळी मला उत्तर येत होतं. बाबांनी दिलं होतं तसंच दिलं, जसं आहे तसं. आवाज चांगला लागला. ती म्हणाली, 'कधी बोलला नाहीत.' मी म्हटलं, 'भूक मेली असती तुमची.' हे बोलायला नको होतं, पण गेलं तोंडातून.

मग मी भांड्याशेजारी उभी राहिले. झाकण मी स्वतः काढून ठेवलं होतं.

काही जण आले, काही वळले. मी मोजणार नाही असं ठरवलं होतं. शेवटी एक मुलगा आला, म्हणजे तिशीचा असेल, संग्राम नावाचा. नागपूरचा, आयटीत आहे, अजून व्हिसावरच. त्याने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, भरपूर वाढून घेतलं आणि अगदी हळू म्हणाला, 'काकू, जय भीम.'

मी त्याच्यापेक्षा जरा मोठ्याने म्हटलं, 'जय भीम, बेटा.'

तो तिथेच उभा राहून जेवला. म्हणाला, 'फोर इयर्स झाले, इथे कुणालाच सांगितलं नाही. टीममधे सगळे आपलेच, मराठी, पण सरनेम विचारलं की मी टॉपिक चेंज करतो, यार.' काकूला यार म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो लाजला. मी त्याला उरलेला भात डब्यात घालून दिला. त्याने रविवारी घरी येऊ का विचारलं. मी म्हटलं, ये, एक फोटो भिंतीवर लावायचा आहे, मला शिडीवर चढवत नाही.

तर हिशेब असा, की भांडं अर्धं रिकामं झालं. बाबांना मी आयुष्यभर रिकामं भांडं दाखवत आले. हे अर्धं दाखवायला ते हवे होते.

कार्ड सोबत पाठवते आहे. हळदीचा डाग पडला आहे, तो माझा नाही, संग्रामचा आहे.

अजून एक. बाबांची इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं तुला आठवतात? प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आपल्या पत्त्याचं स्टिकर आहे, निंबगावकर, पार्सिपनी. ती मी चिकटवली आहेत, त्यांच्या सहीवर. आज पाहिलं, हेअर ड्रायरने गरम केलं की निघतात. खाली निळ्या शाईत 'श. दौ. वेसकर, नागपूर, १९६८' जसंच्या तसं आहे. पाच पुस्तकं झाली, सोळा राहिली.

बाळाचं आडनाव तू आणि निमिष ठरवा. निमिषचं लावा, तुझं लावा, दोन्ही लावा. मला त्यात मत नाही, आणि जे असेल ते मागू नकोस.

आई


पार्सिपनी, १९ नोव्हेंबर २०२५

हिमानी,

काल तुझं पत्र आलं. मेसेज नाही, पत्र, आणि तेही मराठीत. अक्षर तसंच पहिलीतलं. दुसरा उकार कुठे द्यायचा हे तुला अजून कळलेलं नाही आणि आता कळलं नाही तरी चालेल.

ते सहा ओळींचं पत्र मी फ्रिजवर लावलं आहे. संग्रामने येऊन वाचलं आणि डोळे पुसत म्हणाला, 'काकू, कांदा कापताय का?' मी कांदा कापत नव्हते. कपाटातला तो फोटो त्याने दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावून दिला. जरा वाकडा लागला आहे, पण दारातून आत येणाऱ्याला पहिला तोच दिसतो.

तू लिहिलं आहेस, की हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'वेसकर' लिहायचं तुम्ही दोघांनी ठरवलं. निमिषच्या आईला तू स्वतः फोन करून अर्थ सांगितलास, त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं आणि मग म्हणाल्या की बाळंतविड्याचे लाडू त्या पाठवतील. पाठवू देत. लाडू आले की आपण बघू, आणि खाऊ. लोकांना वेळ लागतो. मला चाळीस वर्षं लागली, त्यांना दोन-तीन महिने देऊ.

तू असंही लिहिलं आहेस, की तू अजून पूर्ण रागातून बाहेर आलेली नाहीस. बरं. राग घरात असू दे, आपण त्याच्याबरोबर जेवू.

पण शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. 'आई, तू ये. तुझी गादी आतल्या खोलीत घातली आहे, बाळाच्या शेजारी.'

लहानूला ही ओळ वाचता आली नसती. दौलतने मोठ्याने वाचून दाखवली असती. तुझ्या बाबांनी वाचून चष्मा पुसला असता आणि काहीतरी बाष्कळ विनोद केला असता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग बाहेर येऊन तिकीट काढलं.

येत्या बुधवारी दुपारी डेट्रॉइटला उतरते. निमिषला घ्यायला पाठव, तू येऊ नकोस, थंडी आहे. बॅगेत बाबांची दोन पुस्तकं, स्टिकर काढलेली, एक जाड दुलई आणि फोडणीचा हिंग आहे. भांडं तुझ्याकडचंच वापरू. मोठं काढून ठेव.

तिकिटावर नाव अजून निंबगावकरच आहे, त्याला इलाज नाही. कोर्टाला अर्ज दिला आहे, तारीख मार्चमध्ये मिळेल म्हणतात. तोवर मी सही मात्र करते.

तुझी आई,
वसुधा शशिकांत वेसकर